पडद्यावरचा बाण

बोलणाऱ्याच्या तोंडासमोर तो आपला उजवा पंजा धरायचा. बोटं पसरलेली, तळवा समोरच्याकडे, एखाद्या बुवानं आशीर्वाद द्यावा तसा. बोलणारा खोलीत इकडून तिकडे गेला की पंजाही त्याच्यामागोमाग सावकाश वळायचा.

"हे आमचं काम," तो म्हणायचा. "स्मार्ट अँटेना ऐकतो कमी, दुर्लक्ष जास्त करतो. आपल्याला कोण हवंय ते आधी ठरवायचं. बाकी सगळा गोंगाट."

मग पंजा रुमालानं पुसायचा आणि शेवटचं वाक्य टाकायचा, "तत्त्वतः झालेलं आहे."

त्याच्या राज्यात सगळंच तत्त्वतः झालेलं असायचं. गच्चीवर जायच्या जिन्याला कठडा नव्हता, पण तत्त्वतः बसवलेला होता. संडासात पाणी नव्हतं, तेही तत्त्वतः आलेलं होतं. एकदा खानावळीच्या बाईनं जेवणाचं विचारलं, तर तिलाही म्हणाला, "तत्त्वतः जेवलोय." ती बिचारी ताट घेऊन परत गेली, आणि अर्ध्या तासानं हा तिच्यावर ओरडला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कार्यालयांत, सभांत, लग्नाच्या मांडवात. ती खोटं बोलत नाहीत, हीच त्यांची अडचण असते. बोलता बोलता त्यांना सगळं खरं वाटायला लागतं.

मी त्याला तेव्हा 'सर' म्हणायचो. आता लिहिताना अहो-जाहो हाताला येत नाही. माझ्याबद्दलही मला बरं लिहायचं नाहीये, पण त्याची पाळी आधी. त्याच्याविषयी लिहायला घेतलं की शब्द भराभर येतात. स्वतःविषयी लिहायला घेतलं की पेन झटकावं लागतं.

नव्या शतकाची ती पहिलीच वर्षं. कंपनी पुण्याची, बिनतारी नेटवर्कसाठी सॉफ्टवेअर करणारी. हा तिचा डायरेक्टर. एका खांबावर ओळीनं बरेच अँटेने लावायचे. प्रत्येकाकडे सिग्नल किंचित मागेपुढे पोचतो. त्या फरकावरून सॉफ्टवेअर ओळखणार की बोलणारा कुठल्या दिशेला आहे, आणि सगळी ताकद तिकडे वळवणार. कल्पना खोटी नव्हती. इतर ठिकाणी लोकांनी ती करून दाखवली आहे. आमच्या नशिबी ती याच्या हातून आली, एवढंच.

चाचणीसाठी त्यानं देवबाग निवडलं. पुण्यात इमारती आड येतात, समुद्रावर आड काहीच नाही, असं तो पाहुण्यांना सांगायचा. खरं कारण म्हणजे देवबाग त्याच्या आईचं माहेर, आणि मामाचं घर रिकामं पडलं होतं. आजोळ देवबागचं, पण बांगडा समोर आला की हा गांगरायचा. खानावळीच्या बाईकडून काटे काढून घ्यायचा आणि मग "आमच्या रक्तातच मासळी आहे" म्हणत तो चिवडा खायचा. समुद्रावर भारी प्रेम, पण वाळू पायाला लागते म्हणून बूट घालून किनाऱ्यावर यायचा. होडीत पाय ठेवलेला मी त्याला कधी पाहिला नाही.

मी मूळचा देवबागचाच. तेव्हा मालवणच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो. मला कॉम्प्युटरही येत होता आणि मालवणीही, म्हणून त्यानं मला घेतलं. पगार वेळेवर यायचा. घरात माझी किंमत वाढली. हे सगळं सांगतोय, कारण पुढे मी गप्प का राहिलो असं कुणी विचारलं तर माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही.

होड्यांवर बसवायला पिवळे डबे आले. वाडीतले होडीवाले मामाच्या घरासमोर जमले. त्यांत दाजी होता. माझ्या घरापासून चार माड सोडून त्याचं घर. माझ्याहून थोडा मोठा. मी कॉम्प्युटर शिकवायला लागल्यापासून तो मला 'मास्तरानू' म्हणायचा, आधी थट्टेनं, मग सवयीनं.

दाजीनं डबा उलटासुलटा करून पाहिला. "ह्या काय? टिफीन?"

"वायरलेस," डायरेक्टर म्हणाला. "यातून घरी बोलता येईल. शिवाय तुम्ही समुद्रात कुठे आहात ते आम्हाला इथे पडद्यावर बाणानं दिसेल."

"बायलेक पण दिसतला?"

"अर्थात."

"मगे नको. काढा ता हयसून."

सगळे हसले. डायरेक्टरही हसला, पण थोडा उशिरा, कारण बायल म्हणजे बायको हे मी त्याला सांगेपर्यंत थांबावं लागलं.

डबा बसला. पहिल्या दिवशी दाजीनं समुद्रातून घरी आवाज दिला, "गो, भात लाव, येतंय." त्याची बायको सुलू आमच्या यंत्रासमोर बसली होती. ती यंत्राच्या जाळीत तोंड घालून म्हणाली, "ता सांगूक दर्यातसून फोन व्हयो? रोज काय मी दगड शिजवतंय?" त्या दिवशी मला खरंच वाटलं की आपण काहीतरी चांगलं करतोय. ती घरी जाताना तोंडाला पदर लावून हसत होती. वीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी येतो म्हणून कळवलं नव्हतं.

होडी जवळपास असली तर आवाज यायचा. बाणाचं मात्र काही खरं नव्हतं. पाण्यावर आपटून उसळलेला सिग्नल भलतीकडूनच येतो आणि बाण भांबावतो. होडी खाली दक्षिणेला निवतीकडे, तर बाण डोंगरात. पुण्याच्या मुलांनी हे त्याला चांगलं समजावून सांगितलं होतं. पंजा त्यांच्याकडे वळला नाही.

आता आमच्या वाडीची एक रीत सांगायला हवी. होड्या नेहमी जोडीनं जायच्या. प्रत्येक होडीची जोडीदार होडी ठरलेली. दोघी एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात जाळी टाकणार, आणि एकीनं परत फिरायचं तर दुसरी दिसल्याशिवाय फिरायचं नाही. यात भांडणंही फार. एकाच पाण्यात दोघांची जाळी, मग तुझ्या जाळ्यात जास्त आणि माझ्यात कमी. दाजीची जोडी त्याच्या चुलत भावाबरोबर होती आणि दोघांचं धड पटत नव्हतं.

डायरेक्टरनं देवळाच्या अंगणात सभा घेतली. "आता जोडी कशाला हवी?" तो म्हणाला. "जिथे मासळी तिथे ज्यानं त्यानं जावं. मशीन तुम्हाला बघतंय. आम्हीच तुमची जोडी."

"बरा झाला," दाजी लगेच म्हणाला. "ह्याचा तोंड तरी बघूक नको."

"माका काय तुज्या तोंडाची हौस आसा?" चुलत भाऊ म्हणाला.

लोक हसले आणि सभा संपली. त्या हशात एक जुनी रीत मोडली. मला माहीत होतं की मशीन कुणालाही बघत नाहीये. मी सतरंजी गोळा करत होतो.

मग पाहुणे आले. एका मोठ्या फोन कंपनीची माणसं, त्यांना दाखवायचं होतं. सकाळी बाण अंगात आल्यासारखा फिरत होता. सॉफ्टवेअरमध्ये चाचणीपुरती एक सोय होती, बटण दाबून बाण हातानं हलवता यायचा. डायरेक्टरनं मला दुर्बीण दिली. "तुम्ही खिडकीतून होडी बघा आणि बाण तिकडे ठेवा."

"सर, हे खोटं होईल."

"खोटं कसं? होडी तिथेच आहे ना? बाण तिथेच दाखवतोय ना? मधलं काम थोडे दिवस तुम्ही करताय, पुढे सॉफ्टवेअर करेल. ही तात्पुरती व्यवस्था."

मी तात्पुरती व्यवस्था झालो. होडी डावीकडे गेली की बाण डावीकडे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि डायरेक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं! नंतर मला मिठी मारून म्हणाला, "पाहिलंत, कसा फॉलो करत होता?" माझ्याच बोटाचं कौतुक तो मला सांगत होता. तेव्हा मला त्याची किळस आली. पण थोडी दयाही आली, कारण तो नाटक करत नव्हता. माझं बोट तो खरोखरच विसरला होता.

दिवाळीनंतरची गोष्ट. दाजी पहाटे एकटाच गेला. दुपारपर्यंत परत यायला हवा होता, आला नाही. डब्यातून आवाज नाही. उन्हं उतरायला लागली तशी सुलू आमच्याकडे आली.

"मास्तरानू, तुमचा मशीन सांगता मा, खंय आसा ता? सांगा माका."

पडद्यावर काहीच नव्हतं. आतल्या खोलीत त्या फोन कंपनीचा माणूस जेवत होता. करार होणार की नाही हे त्याच जेवणावर ठरायचं होतं. डायरेक्टर ताटावरून उठून आला, आणि त्यानं दार मागे लावून घेतलं.

"सर, सिग्नल नाही. सकाळपासून नाही," मी हळूच म्हणालो.

"सकाळी कुठे होता तो?"

"खाली जाताना दिसला होता. निवतीच्या अंगाला."

"मग तिथेच असणार. दाखवा त्यांना."

"सर..."

"आत कोण बसलंय माहीत आहे ना? दाखवा."

मी बटण दाबलं. बाण खाली, निवतीकडे वळला.

"ह्यो काय?" सुलूनं विचारलं.

डायरेक्टरनं माझ्याआधी उत्तर दिलं. "हो, हेच ते. आवाज क्लिअर नाही, पण आहेत. डबा चालू आहे म्हणजे माणूस सुखरूप आहे."

सुलूनं पदर पुढे घेतला आणि पडद्याला हात जोडले. मी ते हात पाहिले. मग ती किनाऱ्याकडे पळाली.

तिथे होड्या निघायच्या तयारीत होत्या. कुणी चुकला की अर्ध्यांनी वर मालवणच्या बाजूला जायचं, अर्ध्यांनी खाली, असं वर्षानुवर्षं ठरलेलं. दाजीचा चुलत भाऊ, ज्याला दाजीचं तोंड बघायचं नव्हतं, तोच सगळ्यांच्या आधी होडी पाण्यात लोटत होता. तो वर निघाला होता.

सुलू ओरडली, "वर जाव नको! मशीन खाली सांगता!"

"वयने, नेहमीसारखे अर्धे वर जातंव, अर्धे खाली," चुलत भाऊ म्हणाला.

"कशाक? माज्या डोळ्यान बघलंय मी! तो खाली आसा!"

सगळ्या होड्या खाली गेल्या. मी गच्चीवर उभा होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, वारा तसा होता. मागे डायरेक्टर पाहुण्याला समुद्र दाखवत होता. "आमची सिस्टिम आत्ता एका होडीचा शोध घेते आहे, प्रत्यक्ष," तो म्हणाला, आणि पाहुणा हात पुसत पुसत म्हणाला, वा.

दाजी वर होता. इंजिन बंद पडलं, पाण्याच्या ओढीनं होडी वर वर गेली आणि मालवणच्या अलीकडच्या खडपांवर आपटली. त्याचा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये चेंगरला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला कालवं काढायला आलेल्या बायकांना तो सापडला. त्या संध्याकाळी एक जरी होडी वर गेली असती, तरी उजेड होता, तो दिसला असता.

ओरोसच्या सरकारी दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापला. मी भेटायला गेलो तेव्हा सुलूनंच मला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, काल हाडलो असतो तर पाय रवलो असतो." कालच आणला असता तर पाय राहिला असता, हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माणूस मिळाला होता.

डायरेक्टरला मी हे सांगितलं, तर त्यानं ऐकलं ते एवढंच की माणूस जिवंत आहे. "म्हणजे सिस्टिम सक्सेसफुल," तो म्हणाला. दाजीच्या होडीवरचा डबा फुटून गेला होता. यानं नवा डबा घेतला, ओरोसला गेला, आणि खाटेवर पडलेल्या दाजीच्या हातात तो ठेवला. चादर नीट ओढून घेतली, पाय दिसू नये म्हणून. फोटो मी काढला. कंपनीच्या माहितीपत्रकावर तो छापून आला. वाचलेला पहिला जीव.

पुढे शाळेत सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फोन कंपनीची माणसं पहिल्या रांगेत. दाजी कुबडीवर उभा राहिला. 'दोन शब्द' म्हणून त्याच्या हातात माईक दिला, आणि त्यानं खरंच विचारायचं ते विचारलं.

"माका एकच सांगा. मी वर असताना मशीनान खाली कशाक दाखवल्यान?"

डायरेक्टर प्रसन्न हसला. "उत्तम प्रश्न! याचं तांत्रिक उत्तर आमचे सहकारी देतील." आणि माईक माझ्याकडे.

मी उठलो. सुलू मधल्या रांगेत बायकांत बसली होती, नवं लुगडं नेसून. मी म्हणालो, "पाण्यावर आपटला की सिग्नल उसळतो. मग तो भलत्याच दिशेनं आल्यासारखा वाटतो."

यातला शब्द न् शब्द खरा होता. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

दाजीनं विचार केला, मान डोलावली. "असा तर. मगे दर्याचोच दोष."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डायरेक्टरनं सगळ्यांत जोरात.

करार झाला. लवकरच खांब उतरवला, डबे काढले. मामाच्या घराला कुलूप लागलं. जाताना डायरेक्टरनं मला पुण्याला यायला सांगितलं होतं, जागा तत्त्वतः दिलेली होती. मी गेलो नाही. यात मोठेपणा काही नाही, त्यानं नंतर फोनच उचलला नाही. मी परत क्लास चालवायला लागलो.

मग देवबागला पर्यटक यायला लागले. दाजीनं होडी विकली आणि रस्त्याच्या टोकाला शहाळी विकायला बसला. सुलूनं घरी पाहुण्यांना जेवण द्यायला सुरुवात केली. त्यांचं बरं चाललं. मी संध्याकाळी दाजीच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. जोडीच्या होड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, आम्ही त्यांच्याबद्दल बोलायचो, निवडणुकीबद्दल बोलायचो, त्याच्या मुलीच्या कॉलेजबद्दल बोलायचो. एक गोष्ट सोडून सगळ्याबद्दल. रोज वाटायचं आज सांगू. दाजी शहाळं तासून हातात द्यायचा, "घेवा मास्तरानू," आणि मी ते पीत बसायचो.

एका मे महिन्यात बाकड्यासमोर मोठी गाडी थांबली. डायरेक्टर उतरला. पोट सुटलेलं, केस काळेकुळकुळीत केलेले, पायांत बूट. मागून बायको आणि शाळकरी मुलगी.

"अरे!" त्यानं मला ओळखलं. खांद्यावर हात ठेवला. मग दाजीकडे न बघताच म्हणाला, "तीन शहाळी. पातळ मलईची." आणि मुलीला समुद्राकडे वळवलं. "इथेच. बाबांच्या कंपनीनं इथेच एका मच्छिमाराचा जीव वाचवला. तो फोटो आहे ना ऑफिसात? तो."

दाजी काखेत कुबडी घेऊन, हातात कोयता घेऊन त्याच्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहून डोळा मारला. त्याला गंमत वाटत होती.

"तो माणूस आता कुठे असतो, बाबा?" मुलीनं विचारलं.

"असेल इथेच कुठेतरी. मजेत असेल."

दाजी हसू दाबत माझ्याकडे बघत राहिला. मी सांगावं, हाच तो, म्हणून. मी उठून उभा राहिलो.

"हाच तो," मी मुलीला म्हणालो. मग थांबता आलं नाही. "आणि त्या दिवशी बाण मशीननं नाही दाखवला. दाजी, बाण मी फिरवलेला. बटण दाबून. पडदा रिकामा होता. यांनी सांगितलं दाखवा, मी दाखवला."

दाजीचा कोयता शहाळ्यात अर्धा गेला होता, तिथेच राहिला.

डायरेक्टरनं दाजीच्या पायाकडे पाहिलं, आणि लगेच समुद्राकडे. "तो काळच प्रायोगिक होता," तो म्हणाला. "सगळेच शिकत होतो." बायकोला म्हणाला, "चला, ऊन वाढतंय." आणि गाडीत जाऊन बसला. काच वर गेली.

मुलगी तिथेच उभी होती. दाजीनं कोयता काढला, शहाळं नीट पुरं केलं, त्यात नळी घातली आणि तिच्या हातात दिलं. "घे गो बाय. पी." गाडीचा हॉर्न वाजला. ती पळाली. गाडी तारकर्लीच्या रस्त्याला लागून माडांत दिसेनाशी झाली.

मी म्हणालो, "दाजी, तो माणूसच तसा. तेव्हाही त्यानं..."

"तेचा सोड," दाजी म्हणाला. गोणपाटावर त्यानं कोयत्याची दोन्ही अंगं सावकाश पुसली. "तो भायलो. इलो नि गेलो. तू खंयचो रे?"